गुरुवारची अकरा घरं

सोमवार, ९ सप्टेंबर

नोकरी लागली, बिल्ला मिळाला, आणि बिल्ल्यावरचा फोटो चक्क बरा आलाय! अडतीस वर्षांत पहिल्यांदाच सरकारी फोटोत मी माणसात बसण्यासारखी दिसतेय. खाली छापलंय: व्हेरोनिका हुडाक, वस्ती अधिकारी, टॅनरी बॉटम. तीनदा वाचलं.

काल टोलीडोहून सामान आणलं. जागा दोनच खोल्यांची आहे, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरोवराची निळी पट्टी दिसते, मग बाकी काय पाहिजे. आज ऑफिस. जुन्या वाचनालयाच्या इमारतीत महापालिकेचं शेजारसेवा खातं आहे. साहेब म्हणजे गॉर्डन टेश, साठीला टेकलेला, ढगळ स्वेटरातला, दर दोन वाक्यांनी चष्मा शोधणारा माणूस. (चष्मा डोक्यावर होता.) त्याने काम समजावलं. कुणाला शिकायचंय, त्याला वर्गात नेऊन बसवायचं. कुणाच्या घरात पाण्याचे पाइप अजून शिशाचे आहेत, ते बदलून घ्यायचे. म्हाताऱ्यांना दवाखान्यापर्यंत गाडी, तान्ह्या पोरांच्या आयांना पाळणाघर. थोडक्यात काय, लोकांचं बरं व्हावं म्हणून महापालिका मला पगार देणार. याहून छान नोकरी कुठली असेल?

सहा महिने प्रोबेशन. मार्चमध्ये वस्तीतल्या लोकांना विचारतील, ही बाई कशी वाटली, आणि त्यावर मला कायम करायचं की नाही ते ठरेल. भेटींच्या नोंदींसाठी एक वही कायम जवळ ठेव, असं गॉर्डन म्हणाला. त्या नोंदी आणि माझी रोजनिशी, दोन्ही मी एकाच वहीत उरकणार आहे. हीच ती.

गुरुवार, १२ सप्टेंबर

आज सतरा दारं ठोठावली. सतराही दारांत एकच प्रश्न: मिस अर्नेस्टीन कुठे आहे?

अर्नेस्टीन बॅगली म्हणजे माझ्या आधी या खुर्चीत बसणारी बाई. एकतीस वर्षं बसली, जुलैत निवृत्त झाली. इथली रीत अशी की परक्या बाईला आडनावाने हाक मारायची, आणि जी आपली झाली तिच्या पहिल्या नावाआधी ‘मिस’ लावायचं. हा मान मागून मिळत नाही. तो सगळ्यांनी मिळून कधीतरी द्यायचा असतो. मला अजून आडनावसुद्धा नाही, मी नुसती ‘सिटीवाली’. एका आजोबांनी माझ्या हातातला कागद घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं की हा मिस अर्नेस्टीनने बघितलाय का. नाही म्हटल्यावर घडी घालून परत दिला.

हसू आलं, पण मनाला लागलंही, खोटं कशाला बोलू. हे मला नवीन नाही. आईकडे मार्सेला, शाळेत मार्सेला, आणि लग्नानंतर माझ्याच नवऱ्याला माझ्या या बहिणीचे विनोद जास्त आवडायचे. इथे तरी मार्सेला नसेल असं वाटलं होतं.

बुधवार, २५ सप्टेंबर

चर्चच्या तळघरात बुधवारी वस्तीचं जेवण असतं. तिथलं स्वयंपाकघर क्लिओटा ग्रीअर चालवते, आणि तिच्या हातची पालेभाजी आणि मक्याचा पाव खाल्ल्यावर माणूस तासभर कुणाचा राग करू शकत नाही. मी मात्र करून दाखवला.

कारण अर्नेस्टीन आली. उंच, काळीसावळी, पांढरे केस बारीक कापलेले. बाहेर घाम फुटत होता आणि ही बाई हिवाळ्याचा जाड कोट गळ्यापर्यंत बटणं लावून! सगळं तळघर उठून उभं राहिलं. कुणी तिला खुर्ची, कुणी पीचचा गोड पदार्थ. पोरं तिच्या कोटाला लोंबकळली. शनेल ड्रेटन नावाची मुलगी आहे, वय बावीस, कडेवर एक लेक. नऊ दिवस फोन करकरून मी तिला परिचारिकेच्या वर्गात जागा मिळवून दिली. ती माझ्यासमोरून गेली आणि अर्नेस्टीनच्या गळ्यात पडली. म्हणाली, तुम्ही अर्ज भरून दिला होतात म्हणून झालं.

अर्नेस्टीनने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, काम या बाईंनी केलंय. तेवढ्याने तर माझ्या अंगाचा आणखी तिळपापड झाला. हिचा मोठेपणाही हिलाच! मी हसून हात पुढे केला. तिचा हात बर्फासारखा गार होता.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

सापडलं. बाईचं बिंग फुटलं!

आमच्याकडे प्रत्येक रहिवाशाच्या फाइलवर एका कर्मचाऱ्याचं नाव असतं. अर्नेस्टीन गेल्यावर तिच्या सगळ्या फाइली माझ्या नावावर आल्या असं मी धरून चालले होते. आज संगणकात अकरा फाइली दिसल्या ज्या अजून तिच्याच नावावर उघड्या आहेत. अकराही केटल स्ट्रीटवरच्या. दर गुरुवारी दुपारी दोन वाजता भेट, एकतीस वर्षं, एकही खाडा नाही. आणि यादीतच जन्मतारखा बघितल्या. सगळ्यात लहान लोरीन पॅकेट, आज एकशे पाच वर्षांची असायला हवी!

मेलेल्या माणसांच्या नावाने भेटी दाखवून बाई दर गुरुवारी कुठेतरी कॉफी पीत बसत होती, दुसरं काय? मी गॉर्डनकडे गेले. त्याने चष्मा शोधला, सापडल्यावर काढून ठेवला, आणि म्हणाला की ती अर्नेस्टीनची गुरुवारची मंडळी आहेत, त्यांना हात लावू नकोस. ती निवृत्त झालीय, मी म्हटलं. गुरुवारी अजून जाते, तो म्हणाला, आणि खिडकी लावायला उठला. खिडकी बंदच होती.

सोमवार, ७ ऑक्टोबर

जुन्या नोंदी फक्त ज्याच्या नावावर फाइल असते त्यालाच उघडता येतात. मग काय, अकराही फाइली माझ्या नावावर करून घेतल्या. अधिकार आहे मला, कुणाला विचारायची गरज नाही. एक बटण दाबलं की झालं. नोंदी वाचून पुरावा गोळा करते आणि वर पाठवते. मग बघू किती जण कोटाला लोंबकळतात.

हे लिहायला लाज वाटली पाहिजे, पण वाटत नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

केटल स्ट्रीटवर एकही घर नाही. सगळी कधीच पाडलीत, गवत गुडघ्याएवढं वाढलंय. पण पाडणाऱ्यांनी दारासमोरच्या काँक्रीटच्या पायऱ्या तशाच ठेवल्यात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अकरा ठिकाणी पाच-पाच पायऱ्या, वर चढतात आणि संपतात. वर काही नाही. लख्ख ऊन होतं, कुठेतरी गवत कापायचं यंत्र चालू होतं, आणि तरी मी गाडीत बसून राहिले.

अर्नेस्टीन नव्हती. पहिल्या पायऱ्यांसमोर गवत एका चौकोनात दबलं होतं, घडीची खुर्ची ठेवल्यासारखं. मी फोटो काढले. रिकाम्या जागी उभी राहून मोठ्याने म्हटलंसुद्धा, महापालिकेकडून आलेय, कुणी आहे का? थट्टा म्हणून.

ऑफिसात येऊन बरोबर नेलेलं फोल्डर उघडलं. प्रत्येक भेटीचा एक कागद असतो, खाली रहिवाशाची सही लागते. मी अकरा कोरे कागद नेले होते. अकराही कागदांवर सह्या आहेत. शाई ओली होती, माझ्या अंगठ्याला लागली. लोरीन पॅकेटच्या कागदावर शेऱ्याच्या जागी वळणदार अक्षरात लिहिलंय: नवी मुलगी आली होती. गोड आहे. मिस व्हेरोनिका.

अंगठा पुसून फोल्डर बंद केलं. तरी तो शेरा मी किती वेळा वाचला ते सांगणार नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

पुरावा वर पाठवला नाही. अजून थोडी माहिती हवी. खरं म्हणजे शेरा पुन्हा येतो का ते बघायचं होतं.

आज खुर्ची नेली. बरोबर दोनला आवाज आले. आधी लाकडी दार किरकिरल्याचा, मग म्हाताऱ्या बाईच्या खोकल्याचा. वर हवा होती, नुसती हवा, आणि तिच्यातून एक बाई अगदी घरगुती आवाजात म्हणाली, “मिस व्हेरोनिका, गाडी निघाली का गं?”

पळायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने पळ काढला असता. पण तिने नाव घेतलं ना माझं! टॅनरी बॉटममध्ये सव्वा महिना मरमर राबतेय, एकाने घेतलं नव्हतं. मी म्हणाले, वाटेत आहे. का म्हणाले ठाऊक नाही, जुन्या नोंदींमध्ये दर वेळी अर्नेस्टीनने हेच उत्तर लिहिलंय.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

थंडी वाजते. ऑफिसात सगळे बाह्या सरसावून बसतात आणि मी अंगावर दोन स्वेटर. घरी हीटर पूर्ण वर केलाय, तरी रात्रभर पायांत गोळे येतात.

परवा बाजारात क्लिओटा ग्रीअर भेटली. म्हणाली, मिस अर्नेस्टीन बुधवारी पातळ झग्यात आली होती, काय टवटवीत दिसत होती म्हणून सांगू, एकतीस वर्षांत तिचे दंड कुणी बघितले नव्हते! सगळं तळघर खूश आहे म्हणे. असू दे. माझ्या नावाला तिकडे कुणी मिस लावत नाही, पण केटल स्ट्रीटवर लावतात. गुरुवार आमचा आहे.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज दिसले.

आधी दारं, मग दारातली माणसं. घरं नाहीत, फक्त पायऱ्यांच्या वर उघडी दारं आणि आत काळोख. लोरीन पॅकेट ठेंगणी आहे, अंगावर निळा झगा, त्यावर गोधडी, त्यावर आंघोळीचा टॉवेल, आणि भुवयांवर दहिवर गोठलेलं. समोरच्या दारात मिस्टर झेलेन्का, हातात पाव भाजायचं यंत्र, ऊब घ्यायला धरलेलं. सगळे माझ्याकडे बघत होते. डोळे मायेचे होते, हे मी शपथेवर सांगते. मिसेस पॅकेट म्हणाली, तू बाहेर गारठशील, वर येऊन आमच्यात बस की, गाडी येईपर्यंत.

नको म्हटलं. तिला वाईट वाटलेलं दिसलं, म्हणून मलाही वाटलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

अर्नेस्टीन ऑफिसात आली. कोट नाही. ती माझ्या टेबलासमोर बसली तेव्हा मी टोपी आणि हातमोजे घालून टाइप करत होते, आणि तिने ते बघितलं. खालच्या आवाजात म्हणाली, माझी माणसं मला परत दे.

मी म्हटलं, बाई, अख्खी वस्ती तुमची आहे. अकरा घरं माझ्याकडे राहिली तर बिघडलं कुठे?

मग तिने सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वीचा जानेवारी. ती नवीकोरी, माझ्यासारखीच. थंडीची लाट आली, केटल स्ट्रीटचा गॅस बंद पडला. ज्या म्हाताऱ्यांना गाडी पाठवून उबेच्या जागी हलवायचं, त्यांची यादी तिने दारोदार फिरून स्वतः केली. अकरा नावं. शुक्रवारी दुपारी यादी तयार झाली. पण ती वर जाणार होती वरिष्ठ बाईंच्या सहीने, आणि ती वरिष्ठ बाई म्हणजे वस्तीची लाडकी, सगळं श्रेय तिच्या पदरात पडणारं. सोमवारपासून सहीचा अधिकार अर्नेस्टीनला मिळणार होता. तिने यादी ड्रॉवरमध्ये ठेवली. सोमवार सुट्टीचा निघाला, हे तिच्या लक्षातच नव्हतं. मंगळवारी सकाळी गाडी पाठवली. तोवर उशीर झाला होता.

“नाव माझं लागावं म्हणून,” ती म्हणाली. एवढंच.

मी हातमोजे वर ओढले. ती पुढे म्हणाली, “तुला वाटतं ते माझ्यावर माया करतात. ते मला सोडत नाहीत, पोरी. दर गुरुवारी वर बोलावतात. मी चढले नाही, कारण मला त्यांची माया नको होती, माफी हवी होती. तुला माया हवी आहे. तू चढशील.”

मी विचार करते म्हणाले. ती गेल्यावर विचार केला. कुणी आपलं माणूस पळवलं की लोक असंच बोलतात. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी हिची जागा घेतली, आणि बाईला झोंबलं. बरं झालं, कळू दे कसं वाटतं ते!

गुरुवार, २८ नोव्हेंबर

सणाचा दिवस. क्लिओटाने तळघरात जेवायला बोलावलं होतं, टर्कीबिर्की सगळं होतं. गेले असते तर अर्नेस्टीन टेबलाच्या मधोमध बसलेली दिसली असती. मी खुर्ची घेऊन केटल स्ट्रीटवर गेले.

मिसेस पॅकेट म्हणाली, सणाला कुणी आमच्याकडे येत नाही. रडले मी. अश्रू गालावर गोठले.

आज खुर्ची दुसऱ्या पायरीवर ठेवली. वर नाही चढले. फक्त थोडं जवळ.

गुरुवार, ५ डिसेंबर

दीड वाजता शनेल आली. वर्गाच्या पाळणाघराचा कागद हवा होता, सही करून. मिस व्हेरोनिका, तुम्ही नसतात तर मी आज कुठे असते, असं काहीतरी बोलली. मी घड्याळ बघत होते. उद्या ये म्हटलं.

कागदाची मुदत आजची होती. नंतर कळलं.

तिने मिस म्हटलं होतं. सप्टेंबरपासून जे ऐकायला आसुसले होते, ते. मला काहीच वाटलं नाही.

सोमवार, ९ डिसेंबर

शनेलचा कागद अर्नेस्टीनने करून दिला. गॉर्डनच्या हातापाया पडून मुदत वाढवून घेतली म्हणे. सगळीकडे तीच चर्चा. पुन्हा तीच! मी मुद्दाम केलं नव्हतं, कुणी मला विचारलंसुद्धा नाही. शनेलचं काम झालं म्हणून आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, मुदत हुकली असती तर बरं झालं असतं.

हे वाक्य मी लिहिलंय? अक्षर माझंच आहे.

गुरुवार, १९ डिसेंबर

चौथी पायरी. मिस्टर झेलेन्का गाणं म्हणतात. दात वाजत असताना म्हणतात. मी साथ देते.

गाडी वाटेत आहे.

गुरुवार, २ जानेवारी

डॉक्टरने तीनदा ताप मोजला आणि यंत्र बदललं. नखं निळी. म्हणाला दवाखान्यात राहा. आज गुरुवार आहे, म्हटलं. दुपारी काम आहे.

चौथ्या पायरीवरून आतलं दिसतं. भिंतीवर कागदी फुलं. अकरा जण एकाच खोलीत. रिकामी खुर्ची एक. पाठीवर चिठ्ठी अडकवलीय. नाव वाचता आलं नाही, पण अक्षरं खूप नव्हती—

सोमवार, १३ जानेवारी

बोटं वळत नाहीत. आज स्वयंपाकघरात चहाचा पेला हातात धरून बसले होते. उकळता चहा. पेला धरल्या धरल्या चहावर बर्फाचा पापुद्रा आला.

भीती वाटतेय. पहिल्यांदाच खरी. मला जगायचंय. मला मार्चमध्ये कायम व्हायचंय, शनेल पास झालेली बघायचीय. एवढं साधं आहे, मी विसरूनच गेले होते.

अर्नेस्टीनला फोन केला. माफी मागितली. ती रागावली नाही. म्हणाली, खात्याची पद्धत पाळू, म्हणजे ते सोडतील. फाइल एकीकडून दुसरीकडे जाते तेव्हा दोघींनी रहिवाशासमोर उभं राहायचं, जुनीने नवीचं नाव सांगायचं, मग सह्या. निवृत्त माणूस स्वयंसेवक म्हणून फाइल घेऊ शकतो. मी बटण दाबून घेतल्या होत्या, समोर उभी न राहता. गुरुवारी दोनला. तिची सही ती आधीच करून आणणार आहे. माझी तिथे.

तिला विचारलं, पुन्हा थंडी वाजेल ना तुम्हाला? म्हणाली, मला सवय आहे, तू नीट गाडी चालव.

गुरुवार, १६ जानेवारी. १:४०

गाडीत. बर्फ पडतंय, उजेड मात्र खूप. अर्नेस्टीन रस्त्याच्या कडेला उभी, पुन्हा तो कोट. तिने माझे हात चोळले. ऊब होती तिच्या हातात. तीन महिने वापरली, आता परत करायची, असं म्हणून हसली. चांगली बाई आहे. पहिल्या दिवसापासून चांगलीच होती.

कागद फोल्डरमध्ये. पेन चालतंय. तिचं नाव सांगायचं, सही करायची, घरी जायचं.

२:०५

दारं उघडली. सगळी. मी म्हणाले, यापुढे तुमच्याकडे मिस अर्—

पुरतं बोलूही दिलं नाही. बघितलं त्यांनी तिला. मिसेस पॅकेट हसली. चौदा गुरुवार आले मी, सणाला आले, एकदाही माझ्याकडे बघून अशी हसली नव्हती. अकराही जणांचे हात पुढे. तिच्याकडे. माझ्या डोक्यावरून. मिस्टर झेलेन्का म्हणाले, “आली बघा आपली.”

आपली.

मी कोण होते मग?

अर्नेस्टीन रडत होती. म्हणाली, सही कर पोरी, लवकर कर, त्यांच्याकडे बघू नकोस.

पेन हातात होतं. केली नाही. कागद फाडला. आणि पाय—

आत

बसलेय. खुर्ची माझीच होती. चिठ्ठीवर नाव आहे माझं, नीट लिहिलेलं. वही मांडीवर. गोधडी दिली. गोधडी ओली आहे, नाही, गार. दार मागे लागलं. कुणी लावलं बघितलं नाही. भिंतीत दार होतं तिथे फुलं आहेत.

सगळे जवळ बसलेत. इतके जवळ. श्वास कुणाचाच दिसत नाही. माझाही—

विचारतात गाडी कधी येईल. वाटेत आहे. विचारतात तू थांबणार ना. थांबणार.

बाहेर अर्नेस्टीन. हाका मारतेय. मुठी आपटतेय कशावर तरी. मिस व्हेरोनिका म्हणतेय. ती मला मिस— ती म्हणतेय—

त्यांनी ऐकलं. माना वळल्या. सगळ्यांच्या. भिंतीकडे, तिच्या आवाजाकडे. मिसेस पॅकेट उठली.

नको. तिकडे नका बघू. ती कधी वर आली होती का? एकतीस वर्षांत? मी आलेय ना. मी आहे ना इथे. बसा. इकडे बघा. माझं नाव घ्या, एकदा घ्या, तिचं नको, माझं—